घोड्याला काय माहीत, पाठीवर कोण बसलंय?

तुम्ही शंकरपट पाहिलाय का, असं भंडाऱ्याच्या पोराला किंवा पोरीला विचारणं म्हणजे तलावाच्या काठी राहणाऱ्याला मासोळी खाल्ली का विचारण्यासारखं आहे. धान घरी आलं, थंडी पडली की गावोगावी पट भरतो. दिवसा बैलजोड्या पळतात, रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. आपण सगळे तिथं वाढलोय.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या गावच्या पटात जोडी हाकताना तुम्ही एखादी मुलगी पाहिलीय का?

मी लाखनी तालुक्यातली. आमच्या घरी बैल होते. शाळेत असताना शेतातून घरी बंडी मीच आणायची. कासरा हातात, वाट बैलांना पाठ, मला फक्त बसून राहायचं असायचं असं दादा चिडवायचा. पण पटाचा दिवस आला की तोच दादा धुरकरी आणि मी मैदानाच्या कडेला, बायांच्या घोळक्यात. एकदा मी आबाजींना विचारलं, ‘मी का नाही?’ ते म्हणाले, ‘पोरीचं काम होय का बाप्पा हे?’ रागावले नव्हते. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. आता इंटर्नशिप करताना घोड्यांच्या शर्यतीतल्या महिला जॉकींवर वाचायला बसले, तर लक्षात आलं की हाच प्रश्न लंडनपासून मेलबर्नपर्यंत सगळीकडे विचारला गेलाय. फरक एवढाच की तिथं कुणीतरी त्याचं उत्तर द्यायला कोर्टात गेलं.

आधी नियमाची भिंत

ब्रिटनमध्ये फ्लॉरेन्स नेगल नावाच्या बाई शर्यतीचे घोडे तयार करायच्या. म्हणजे ट्रेनर. पण तिथला जॉकी क्लब बाईला ट्रेनरचं लायसन्स द्यायचा नाही. मग व्हायचं काय, तर लायसन्स तबेल्यातल्या मुख्य नोकराच्या नावावर. काम बाईचं, अक्कल बाईची, कागदावर नाव पुरुषाचं. हे वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. तुम्हालाही वाटणार नाही. आपल्याकडे रोवणी बायांनी करायची आणि सातबारा बाप्याच्या नावावर. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींमध्ये महिलांना 50 टक्के आरक्षण आहे, तरी ‘सरपंचपती’ हा शब्द काही आपल्या बोलण्यातून गेलेला नाही. नेगल बाई कोर्टात गेल्या आणि 1966 मध्ये जॉकी क्लबला माघार घ्यावी लागली. तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या.

अमेरिकेत कॅथी कुस्नर ही ऑलिम्पिक खेळलेली घोडेस्वार. तिलासुद्धा जॉकीचं लायसन्स नाकारलं. 1968 मध्ये मेरीलँड राज्यात कोर्टाच्या आदेशानं तिला ते मिळालं. पण लायसन्स मिळालं म्हणजे घोडा मिळाला असं नाही. त्याच हिवाळ्यात दुसऱ्या एका मुलीचं नाव शर्यतीत लागलं, तर पुरुष जॉकींनी त्या शर्यतीत उतरायलाच नकार दिला. शेवटी 7 फेब्रुवारी 1969 ला फ्लोरिडातल्या हायलिया पार्कवर डायन क्रम्प ही मुलगी शर्यतीत उतरली. गर्दीतून तिला घोड्यापर्यंत न्यायला पोलीस लागले. 12 घोड्यांत ती दहावी आली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी बार्बरा जो रुबिन हिनं अमेरिकेतल्याच एका व्यावसायिक शर्यतीत पुरुषांना हरवून दाखवलं. 1970 मध्ये क्रम्प केंटकी डर्बीतही उतरली.

म्हणजे नियमाची भिंत पडायला दोन-चार वर्षं पुरली. मग इतका उशीर पुढे का झाला?

मग घोडा कोण देणार?

तारखा नीट बघा. इंग्लंडची ग्रँड नॅशनल ही जगातल्या सगळ्यात अवघड शर्यतींपैकी एक. 1977 मध्ये शार्लट ब्रू ही त्यात उतरणारी पहिली महिला. जिंकणारी पहिली महिला रेचल ब्लॅकमोर, 10 एप्रिल 2021 ला. मधे 44 वर्षं. मेलबर्न कप 1861 पासून होतो. मिशेल पेननं तो 2015 मध्ये जिंकला, आणि जिंकणारी ती पहिली बाई. तिच्या घोड्याचा भाव होता शंभरास एक, म्हणजे तो जिंकेल असं जवळपास कुणालाच वाटत नव्हतं. जिंकल्यावर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर तिनं सांगून टाकलं की घोड्याच्या मालकांपैकी काहींना तिच्याऐवजी दुसरा जॉकी हवा होता. केंटकी डर्बी तर आजपर्यंत एकाही महिलेनं जिंकलेली नाही.

यावर हॉस्टेलच्या कट्ट्यावर काय उत्तर येईल, मला माहीत आहे. ‘ताकद लागते ना यार.’ तर ताकदीचा हिशेब करून बघू. शर्यतीचा घोडा साधारण साडेचारशे-पाचशे किलोचा. तो ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावतो. पन्नास-पंचावन्न किलोचा माणूस, बाई असो की बुवा, त्याला दंडाच्या जोरावर रोखू शकत नाही. जॉकी खोगिरावर बसून नसतो. रिकिबीत पाय टेकवून, गुडघ्यांत वाकून, पाठ घोड्याच्या पाठीला समांतर ठेवून तो अर्धवट उभा असतो. लागतो तो तोल, पायांची सहनशक्ती, घोड्याच्या चालीशी जुळलेली लय आणि योग्य क्षणी घेतलेला निर्णय. शरीर दमदार हवंच, पण ते कमावता येतं. उलट वजन कमी ठेवण्यासाठी पुरुष जॉकी उपाशी राहून, घाम गाळून अंगातलं पाणी कमी करतात. हलकं असणं हीच तर इथली गरज आहे.

हे फक्त मी म्हणत नाही. 2018 च्या सुरुवातीला लिव्हरपूल विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हेनेसा कॅशमोर यांनी ब्रिटनमधल्या 14 वर्षांच्या शर्यती घेतल्या, सुमारे साडेबारा लाख राइड्स. राइड म्हणजे एका जॉकीनं एका शर्यतीत एक घोडा पळवणं. घोडा किती चांगला आहे हे गणितात धरल्यावर निघालं काय, तर महिला आणि पुरुष जॉकींच्या कामगिरीत नाव घेण्यासारखा फरक नाही. पण व्यावसायिक लायसन्स असलेल्यांत महिला 11.3 टक्के आणि त्यांना मिळालेल्या राइड्स फक्त 5.2 टक्के. सगळ्यात वरच्या दर्जाच्या शर्यतींत तर 1.1 टक्के.

इथं जरा थांबा. हा आकडा शर्यतीपुरता नाहीये. चांगला घोडा मिळाला तर जिंकाल. जिंकलात तर नाव होईल. नाव झालं तर पुढचा चांगला घोडा मिळेल. पहिलाच घोडा मिळाला नाही तर? मग वीस वर्षांनी लोक म्हणतील, ‘बघा, बाया जिंकतच नाहीत.’ कुणी मुद्दाम दार लावत नाही, तरी दार उघडत नाही. तुमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये लाइट-साउंडचं काम कुणाकडे जातं आणि रांगोळी, स्वागतगीत कुणाकडे? कॅम्पसला आलेल्या कंपनीला साइटवर कोण पाठवावंसं वाटतं? प्रत्येक वेळी कारण एकच असतं, ‘त्याला अनुभव आहे.’ तिला अनुभव का नाही, हे कुणी विचारत नाही.

सवलत द्यायची का?

आता खरा वादाचा मुद्दा. फ्रान्सनं 1 मार्च 2017 पासून एक नियम आणला. बहुतेक शर्यतींत महिला जॉकी असेल तर घोड्यावर दोन किलो वजन कमी. पुढे ते दीड किलो केलं. जपाननंही 2019 मध्ये महिला जॉकींसाठी वजनाची सवलत आणली. घोड्यांच्या शर्यतीत वजनाला फार किंमत आहे, म्हणून ट्रेनर विचार करायला लागले, ‘दोन किलो कमी मिळतात तर मुलीला घेऊन बघू.’ फ्रान्समध्ये महिलांना मिळणाऱ्या राइड्स आणि त्यांचे विजय दोन्ही वाढले.

पण काही महिला जॉकींनाच हे आवडलं नाही. ‘आम्ही बरोबरीच्या आहोत म्हणतो, मग सवलत कशाला?’ हा प्रश्न तुम्ही ऐकलाय, हो ना? आरक्षणावरच्या प्रत्येक चर्चेत येतो. मला तो खोटा वाटत नाही. सवलतीतून आलेल्या मुलीला प्रत्येक विजयानंतर ऐकावं लागतं की वजन कमी होतं म्हणून जिंकलीस. ते टोचतं.

तरी दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, शर्यतीत सवलती आधीपासून आहेत. शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते, नाहीतर नवख्याला कुणी घोडाच देणार नाही. मोठ्या शर्यतींत घोडीवर घोड्यापेक्षा थोडं कमी वजन ठेवतात. त्यावर कुणी आंदोलन केल्याचं ऐकिवात नाही. दुसरी, लिव्हरपूलचा अभ्यास म्हणतो की बायांची कामगिरी कमी नाही, संधी कमी आहे. म्हणजे सवलत मुलीच्या दुबळेपणासाठी नाही, ट्रेनरच्या सवयीसाठी आहे. त्याला सवय बदलायला दिलेली ती लाच आहे म्हणा हवं तर. सवय बदलली की काढून टाकावी. पण ‘सवय बदलली’ हे ठरवायचं कुणी? ज्यांना घोडे मिळतात त्यांनी, की ज्यांना मिळत नाहीत त्यांनी? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. तुमचं वेगळं असू शकतं, पण आकडा बघून ठरवा.

आपल्याकडे काय चाललंय?

महाराष्ट्रात व्यावसायिक शर्यती होतात त्या मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याला. दोन्ही ठिकाणी कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा. इंडियन डर्बी फेब्रुवारीत महालक्ष्मीला होते. गंमत म्हणजे 1943 मधली पहिली इंडियन डर्बी ‘प्रिन्सेस ब्युटीफुल’ नावाच्या घोडीनं जिंकली होती. पळणारी मादी चालली, पळवणारी बाई मात्र अनेक वर्षं दिसली नाही. डर्बीच्या दुसऱ्या दिवशी पेपरात बायांचे फोटो येतात, पण बहुतेक टोप्यांचे.

तरी काही जणी उतरल्या. पुण्याच्या सिल्व्हा स्टोराय यांचं नाव भारतातल्या सुरुवातीच्या महिला जॉकींमध्ये घेतलं जातं. चेन्नईच्या रूपा सिंग यांनी तर पुरुषांच्या बरोबरीनं धावत सातशेहून जास्त शर्यती जिंकल्या. त्यांच्या घरातच घोडे. आजोबा ब्रिटिश काळात लष्करासाठी घोडे तयार करायचे. हे महत्त्वाचं आहे. ज्या घरात घोडा आधीच बांधलेला असतो, तिथल्या मुलीला निदान त्याला हात लावायला मिळतो. बाकीच्यांनी काय करायचं?

घोडेस्वारीच्या दुसऱ्या बाजूला बघा. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारतानं ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीतलं 41 वर्षांनंतरचं सुवर्ण. चौघांच्या त्या संघात दोन मुली होत्या, सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग. आणि दोन मुलगे, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीत पुरुष आणि महिलांच्या वेगळ्या स्पर्धा नसतात, सगळे एकत्र लढतात. तिथं चालतं, तर शर्यतीत का चालू नये? हां, हेही खरं की या संघाच्या तयारीमागे युरोपातली वर्षं आणि मोठा खर्च आहे. बाईपणाची भिंत ओलांडली तरी पैशाची उरतेच. आपल्या जिल्ह्यातून वरठीला विदर्भ एक्स्प्रेस पकडून मुंबईला जाता येतं, पण घोडा काही तिकिटात मिळत नाही.

आणि एक बाजू लपवून चालणार नाही. घोड्यांची शर्यत म्हणजे सट्टाही आहे. सुप्रीम कोर्टानं 1996 मध्ये ती नशिबाचा नाही तर कौशल्याचा खेळ मानली, म्हणून त्यावर पैसे लावणं कायद्यात बसतं. लावलेल्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर 2023 मध्ये 28 टक्के जीएसटी लागू झाला होता. मुंबईत 2024 मध्ये महालक्ष्मीच्या 211 एकरांपैकी 120 एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी द्यायचं ठरलं. धंद्यावर ताण आहे. जॉकी पडतात, हाडं मोडतात, घोडेही जखमी होतात. त्यामुळे ‘चला मुलींनो, सगळ्या जॉकी व्हा’ असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल.

मग आपण हे का वाचायचं?

कारण आपल्याकडे शर्यत आहे. घोड्याची नाही, बैलांची. 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं जलिकट्टूसोबत बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. 2017 मध्ये महाराष्ट्रानं कायदा बदलला, तो हायकोर्टात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टानं अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले. या सगळ्या वर्षांत पट सुरू व्हावा म्हणून आपले लोक रस्त्यावर उतरले. काय म्हणत होते? ‘ही आमची संस्कृती आहे.’ मान्य. मग ती संस्कृती आमची, म्हणजे मुलींची, आहे की नाही?

नवे नियम आले तेव्हा बैलाला टोचायचं नाही, मारायचं नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, हे सगळं आपण स्वीकारलं. म्हणजे पट बदलू शकतो. बदलला तरी तो पटच राहतो. आणि बाईनं जोडी हाकणं ही काही परदेशी कल्पनाही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या शंकरपटात महिलांची शर्यत होते, बाया जोडी हाकतात आणि लोक गर्दी करून बघतात. विदर्भातच, आपल्यापासून काही तासांवर.

मला तिथंही एक शंका आहे, ती सांगते. बायांसाठी वेगळी शर्यत ही सुरुवात आहे की शेवट? वर्षातून एक दिवस बायांना देऊन बाकीचे दिवस मोकळे करायचे, असंही होऊ शकतं. घोड्यांच्या शर्यतीतही सुरुवातीला फक्त बायांच्या शर्यती ठेवल्या होत्या. ब्रिटनमध्ये 1972 मध्ये तसंच झालं. नंतर त्या पुरुषांच्या बरोबरीनं उतरल्या, कारण घड्याळाला आणि घोड्याला स्त्री-पुरुष कळत नाही. पटातही वेळ सेकंदांत मोजतात. सेकंद तर सगळ्यांना सारखाच.

ज्यांना खरंच प्राण्यांसोबत काम करायचं आहे, त्यांच्यासाठी रस्ते जवळ आहेत. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, प्रवेश नीटमधून होतो. एनसीसीमध्ये घोडेस्वारी शिकवणारी रिमाउंट अँड व्हेटर्नरी युनिट्स असतात. जनावरांचा डॉक्टर म्हटलं की अजूनही गावात ‘डॉक्टर साहेब’च डोळ्यासमोर येतात. गाय अडली की रात्री दोन वाजता कोण येणार, हा प्रश्न पोरींना विचारतात. उत्तर सोपं आहे, जिला गाडी चालवता येते आणि घरून कुणी अडवत नाही ती येईल.

आता तुमचं काम. या हिवाळ्यात तुमच्या गावात पटाची समिती बसेल. वर्गणी ठरेल, बक्षिसं ठरतील, नाटक कुठलं आणायचं यावर भांडण होईल. त्या बैठकीत जा. मुली असाल तर मैत्रिणीला घेऊन जा, मुलगे असाल तर बहिणीला घेऊन जा. एवढंच विचारा, ‘धुरकरी म्हणून मुलीचं नाव द्यायला नियमात अडचण आहे का?’ बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, ‘नियम नाही, पण...’ त्या ‘पण’च्या पुढे काय येतं ते लिहून ठेवा. बातमी तिथंच असते, हे मी इंटर्नशिपमध्ये शिकले.

हे लिहिण्याआधी मी घरी फोन केला होता. आबाजी आता थकलेत, बैल विकून झालेत, शेतात ट्रॅक्टर चालतो. त्यांना मेलबर्नच्या त्या मुलीची गोष्ट सांगितली. शंभरास एक भावाचा घोडा, मालकांना नको असलेली जॉकी आणि पहिला नंबर. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘घोड्याले काय समजते, वर कोन बसलं हाय ते?’

मी म्हटलं, ‘आबाजी, बैलालेही नाही समजत.’

ते हसले. पुढच्या वर्षी कुणाची जोडी मिळते का बघू म्हणाले.